क्लासिक कार शो म्हणजे काय? नंबर प्लेट आणि मोबाईलवरून जुनी गाडी कशी ओळखायची?

आमच्या बाबांची प्रीमियर पद्मिनी भंगारात गेली तेव्हा मी शाळेत होतो. आज तिचा एक धड फोटो आमच्याकडे नाही, आरसीची झेरॉक्सपण नाही. पुढे शिकायला इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीला गेलो आणि एका रविवारी जवळच्याच क्लासिक कार शोला पोहोचलो. तिथे जे शिकलो ते आज सांगतो.

क्लासिक कार शो म्हणजे काय?

हे नव्या गाड्यांचं प्रदर्शन नसतं. लोक स्वतःची जुनी गाडी चालवत आणतात, मैदानात रांगेत लावतात आणि शेजारी खुर्ची टाकून बसतात. विचारलं की बॉनेट उघडून दाखवतात. ब्रिटिश गाड्यांसोबत इटालियन, फ्रेंच, जर्मन गाड्याही असतात.

कोणत्या गाड्या बघायच्या?

- मिनी (१९५९): ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली टाकला. त्यामुळे छोट्या गाडीतही चार माणसांना जागा मिळाली. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिन आडवंच असतं.
- सिट्रोएन डीएस (१९५५): स्प्रिंगऐवजी तेल आणि वायूच्या दाबावर चालणारं सस्पेन्शन. इंजिन चालू केलं की बसलेली गाडी हळूहळू वर उठते. याचा व्हिडिओ काढाच.
- फोक्सवॅगन बीटल: इंजिन मागे आणि थंड होतं ते हवेवर, म्हणून रेडिएटरच नाही.
- मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री: आपली ॲम्बॅसेडर हिच्यावरूनच बनली. फोटोवरून शोधणाऱ्या ॲपने मला हिचं नाव ॲम्बॅसेडर असंच सांगितलं! म्हणून फक्त फोटोवर विसंबू नका.

नंबर प्लेटवरून वय कसं ओळखायचं?

ब्रिटनमध्ये १९६३ पासून नंबरच्या शेवटी वर्षाचं अक्षर यायला लागलं. ए म्हणजे १९६३, बी म्हणजे १९६४, सी म्हणजे १९६५. ऑगस्ट १९८३ पासून हे अक्षर सुरुवातीला आलं. सप्टेंबर २००१ पासून आजची पद्धत आहे: दोन अक्षरं, दोन आकडे, तीन अक्षरं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे नंबर एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नेता येतो. गाडी आहे त्यापेक्षा नवी वाटेल असा नंबर लावता येत नाही, जुनी वाटेल असा मात्र चालतो. म्हणजे नुसती प्लेट हा पुरावा नाही.

मोबाईलवर खात्री कशी करायची?

१. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर वाहन माहितीचं पान उघडा.
२. प्लेटवरचा नंबर टाका.
३. कंपनी, बनल्याचं वर्ष, इंजिन किती सीसीचं, इंधन आणि रंग दिसतो. मालकाचं नाव दिसत नाही.

एमओटी म्हणजे तिथली वार्षिक तपासणी नसेल तर लगेच गाडी बाद समजू नका. ४० वर्षांहून जुन्या आणि फार बदल न केलेल्या गाड्यांना त्यातून सूट मिळते.

आणि मग ती दिसली

रांगेच्या टोकाला एक फिकट निळी फियाट ११०० डी उभी होती. आपली पद्मिनी याच इटालियन गाडीवरून आली, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. प्लेटच्या शेवटी सी होता. मोबाईलवर तपासलं तर वर्ष १९६५, इंजिन १२२१ सीसी.

मी लगेच डोंबिवलीला व्हिडिओ कॉल लावला. बाबा म्हणाले, "आपली १०८९ ची होती रे. गिअर स्टिअरिंगपाशीच आहे ना?" होता. मालक आजोबांना सांगितलं तर त्यांनी आपणहून चोक ओढून गाडी चालू केली. बाबा काहीच बोलले नाहीत. इंजिन बंद होईपर्यंत फोन कानाला लावून बसले होते, त्यामुळे स्क्रीनवर मला फक्त त्यांचा कान दिसत होता.

शोमध्ये काय पाळायचं?

- विचारल्याशिवाय गाडीला हात लावू नका.
- टेकून फोटो काढू नका. बेल्टच्या बक्कलने आणि बॅगेच्या चेनने रंगावर ओरखडे जातात.
- आधी मालकाशी बोला, मग फोटो. गाडीची खरी माहिती त्यांच्याकडेच असते.

आपल्याकडे काय नियम आहे?

भारतात २०२१ पासून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आहे. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नंबरमध्ये राज्याच्या कोडनंतर व्हीए येतं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही.

घरात जुनी गाडी असेल तर आज काय कराल?

आरसीच्या दोन्ही बाजू, चॅसिस नंबर, इंजिन नंबर आणि गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. जुनी नोंद ऑनलाइन चढलेली नसेल तर ती दिसणार नाही, तेव्हा आरटीओत चौकशी करा. आणि इंजिन चालू होत असेल तर आवाज रेकॉर्ड करा. हे शेवटचं कोणत्याच नियमात नाही, पण आमच्या घरी आज तेच नाहीये.