आंबेडकर-वाङ्‌मयाचा प्रताधिकार

लेखकामागे त्याच्या ग्रंथांवर हक्क कोणाचा व किती काळ, या प्रश्नाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील विहारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. सामान्य माणसाला कळेल अशा सोप्या भाषेत बौद्ध धम्मावर ग्रंथ लिहीत असल्याचे त्यांनी तेथील भाषणात सांगितले. तोच ‘द बुद्ध अँड हिज धम्म’. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले आणि मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजने तो १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रताधिकाराच्या प्रश्नातही ज्या माणसासाठी ग्रंथ लिहिला त्याच्या हाती तो पडतो का, हीच लोकहिताची कसोटी मानावी लागते.

मुदत : १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे संरक्षण होते. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याचा हक्क संपत आल्याने १९९२ मध्ये ते ६० वर्षे झाले. त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत छापलेले ग्रंथ (उदा. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, १९३६) १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. मरणोत्तर प्रकाशित लेखनाची ६० वर्षे मात्र कलम २४ नुसार प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजतात. या हिशेबाने १९८७ मध्ये प्रथम छापलेले ‘रिडल्स इन हिंदुइझम’ २०४७ अखेरपर्यंत संरक्षित राहते. ‘२०१७ नंतर सारे खुले’ ही समजूत म्हणूनच अपुरी आहे; पुनर्मुद्रण करणाऱ्या लहान प्रकाशकांनी हा भेद जाणून घेणे अगत्याचे आहे.

शासकीय आवृत्ती : महाराष्ट्र शासनाच्या चरित्र साधने प्रकाशन समितीने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून इंग्रजी खंड अल्प किमतीत काढले, अप्रकाशित हस्तलिखितेही त्यांतून वाचकांसमोर आली. चौथ्या खंडातील (‘रिडल्स इन हिंदुइझम’) राम-कृष्णविषयक परिशिष्टावरून १९८७-८८ मध्ये वाद पेटला. परिशिष्ट कायम राहिले. शासन त्या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशा आशयाची टीप जोडली गेली. प्रकाशक शासन असले की मजकुरावर राजकीय दाब येतो, हे यातून दिसले.

भाषांतर : ग्रंथ संरक्षित असला तरी त्याच्या प्रथम प्रकाशनानंतर सात वर्षांनी कलम ३२ खाली भाषांतराचा परवाना मागता येतो.

पुरवठा : हक्क मोकळा झाला तरी प्रत मिळेलच असे नाही. शासकीय खंडांची छपाई रखडल्याच्या ‘लोकसत्ता’तील वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली.