कुलाब्याचा रायगड आणि अंतुले

आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. तो रायगड झाला तेव्हा मुख्यमंत्री होते आंबेतचे बॅरिस्टर ए. आर. अंतुले, राज्याचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. शिवरायांच्या राजधानीचं नाव जिल्ह्याला एका कोकणी मुसलमानाच्या कारकिर्दीत मिळालं, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगायलाच हवं.

पण ती कारकीर्द जून १९८० ते जानेवारी १९८२ एवढीच. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. बिल्डरांना मिळालेलं सिमेंट आणि त्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला दिलेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयानं जोडला आणि अंतुल्यांना पद सोडावं लागलं. आपल्या बैठकीत हा भाग गाळला जातो, बाहेर फक्त हाच सांगितला जातो. दोन्ही अर्धवट.

माझ्या मते त्यांचं मोठं काम तिसरंच: १९८० ची संजय गांधी निराधार अनुदान योजना. पळसदरीतली निराधार विधवा, मग ती कुठल्याही धर्माची असो, आजही कर्जतच्या तहसील कार्यालयात तिच्यासाठी अर्ज करू शकते.

‘आपला माणूस’ वर बसला की झालं, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. माणूस दीड वर्षात पायउतार झाला, योजना चाळीस वर्षांहून जास्त टिकली. मतदारसंघही बदलतात: २००९ पासून कर्जत मावळ लोकसभेत आहे. ग्रामसभा मात्र गावातच भरते. तिथं जा आणि विचारा, गावातले किती अर्ज अडलेत, आणि का?