पितळी दिव्यांमागचे हात

दिवा घासणं, तेल घालणं, वात सारखी करणं ही कामं आपल्याला नवी नाहीत. आज आम्ही सांगणार आहोत इंग्लंडच्या खेड्यांतल्या जमीनदारांच्या जुन्या वाड्यांमधल्या पितळी दिव्यांची गोष्ट. ते दिवे लोक आज हौसेनं जपतात. पण तेव्हा ते पेटते कोण ठेवत होतं?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. घासलं की लखलखतं आणि ज्योतीचा उजेड परततो. म्हणून झुंबरं, मेणबत्तीची घरं पितळेची करत. पण पितळ काळवंडतं, म्हणजे घासणं आलंच. चरबीच्या मेणबत्तीची वातही सारखी कातरावी लागे.

१७८० साली आमी आर्गां या स्विस माणसानं पोकळ, गोल वातीचा तेलाचा दिवा शोधला. वर काचेची चिमणी. एकच दिवा कितीतरी मेणबत्त्यांचा उजेड देई. पण रोज काच पुसा, वात कातरा, तेल भरा! बड्या वाड्यांत त्यासाठी वेगळी खोली आणि नोकरमाणसं असत.

आणि त्याच गावातल्या मजुराच्या घरी? मेणबत्तीवर १७०९ ते १८३१ सरकारी कर होता. गरिबाला ती परवडेना. सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट यांनी १७८९ च्या पुस्तकात गरिबाघरच्या दिव्याचा हिशेब लिहून ठेवलाय. बायका, मुलं, म्हातारी माणसं ओलीतली लव्हाळ्यासारखी गवतं आणत, सोलून वाळवत आणि चरबीत बुडवत. काटकसरी घरधनीण मांस शिजवताना वर येणारी चरबीच साठवून ठेवी, म्हणजे तिला चरबी फुकट पडे. सुमारे सव्वादोन फुटांची एक चांगली काडी त्यांनी घड्याळ लावून पाहिली. ती ५७ मिनिटं जळली.

पुढे १८८० साली क्रॅगसाइड या वाड्यात आर्मस्ट्राँग यांनी पाण्यावर वीज करून स्वान यांचे दिवे लावले. हळूहळू वाड्यावाड्यांतलं वात-तेलाचं काम संपलं.

वाड्यातली झुंबरं टिकली, गवताच्या काड्या जळून गेल्या. त्या बाईची काटकसर आज कळते, ती कुणीतरी लिहून ठेवली म्हणून. तेव्हा मैत्रिणींनो, घरातल्या आजींना विचारा, वीज येण्याआधी रात्रीची कामं कशी उरकायच्या? तेल किती दिवस पुरवायच्या? आणि गटाच्या वहीत ते लिहून ठेवा.