लष्करी हद्दीचे दगड

लष्करी हद्दीचे दगड म्हणजे सैन्याच्या ताब्यातील जमिनीची सीमा दाखवण्यासाठी तिच्या कडेने रोवलेले, बहुधा क्रमांक किंवा अक्षरे कोरलेले दगड होत. छावणी, किल्ला, दारूकोठार, चांदमारीचे मैदान आणि फौजेच्या पडावाची जागा अशा जमिनींभोवती ते रोवले जात. सैन्य निघून गेल्यावरही असे दगड पुष्कळदा जागेवर राहतात, त्यामुळे जमिनीच्या पूर्वीच्या मालकीचा तो एक दृश्य पुरावा ठरतो.

पूर्वपीठिका

दगड रोवून हद्द बांधण्याची रीत इंग्रजांनी आणलेली नाही. गावाच्या शिवेवरचा धोंडा महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. शिलाहारकालीन गधेगाळांवर दानाचा मजकूर आणि दान मोडणाऱ्यास शाप कोरलेला असतो. अलिबागजवळील आक्षीचा शिलालेख हे रायगड जिल्ह्यातील त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. फरक इतकाच की गधेगाळ शापाच्या धाकाने जमीन राखतो आणि सरकारी दगड कायद्याच्या.

स्वरूप

सीमारेषा जेथे वळते तेथे दगड रोवतात आणि एका दगडावरून पुढचा दिसेल असे अंतर ठेवतात. छावणीची हद्द ठरवणाऱ्या अधिसूचनेतही एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत अशीच वर्णनाची पद्धत असते. म्हणून क्रमांकाला फार महत्त्व आहे. मधला एक दगड नाहीसा झाला तरी त्याच्या दोन्ही बाजूंची रेषा वादात सापडते.

ब्रिटनमध्ये सरकारी शस्त्रसामग्रीच्या मंडळाचे रुंद बाणाचे चिन्ह अशा दगडांवर कोरले जाई. १८५५ मध्ये ते मंडळ बरखास्त होऊन त्याचा कारभार युद्धखात्याकडे गेल्यावर बाणासोबत ‘डब्ल्यू’ आणि ‘डी’ ही अक्षरे दिसू लागली. मात्र केवळ बाण पाहून दगड लष्करी ठरवणे घाईचे होईल, कारण भूमापन खात्याच्या उंचीदर्शक खुणांवरही बाण असतो. कोकणात आणखी एक अडचण येते. जांभा दगड सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक अक्षर टिकत नाही. कोरीव मजकुरासाठी काळा दगडच लागतो.

श्रीवर्धन ते दापोली

श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे मूळ गाव. पुढे ते जंजिरा संस्थानात होते आणि १९४८ मध्ये संस्थानाबरोबर भारतात विलीन झाले. तालुक्याच्या दक्षिणेस सावित्रीची खाडी असून पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला आहे. तो १७५५ मध्ये आंग्र्यांकडून इंग्रजांच्या हाती गेला व १७५६ च्या तहाने त्यांच्याकडेच राहिला. इंग्रजांनी त्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव दिले. एकोणिसाव्या शतकात संस्थान आणि इंग्रजी मुलूख यांच्यामध्ये येथे खाडीच हद्द होती. जेथे पाणी आहे तेथे दगडाची गरज नव्हती.

डोंगरमाथ्यावरच्या दापोलीची गोष्ट वेगळी. पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिण कोकणातील फौजेचा तळ तेथे पडला आणि गिम्हवणे, जोगळे, जालगाव या गावांच्या शेजारी गोऱ्या अधिकाऱ्यांची वस्ती उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नियमित फौज हलवण्यात आली. तरी ‘कॅम्प दापोली’ हे नाव टिकून राहिले. मूळ गाव ‘मौजे दापोली’ म्हणून निराळे ओळखले जाते.

सैन्य गेले तरी सैनिक गेले नाहीत. मुंबई फौजेतून निवृत्त झालेल्या पेन्शनरांनी, त्यांतही महार सैनिकांनी, येथे मोठ्या संख्येने वस्ती केली. १८८६ मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर येथेच स्थायिक झाले व त्यांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ कुटुंबासह दापोलीत राहिले. छावणीच्या आत सैनिक म्हणून मिळालेला मान हद्दीबाहेर मिळत नसे. १८९० च्या दशकात पेन्शनरांनी मुलांच्या शाळाप्रवेशासाठी अर्ज-विनंत्या केल्या, तेव्हा मुलांना शाळेच्या ओसरीवर बसवण्यात आले. दापोलीच्या लष्करी हद्दीचा विचार केवळ भूमापनाच्या अंगाने केल्यास हा भाग निसटतो.

कायदा व नोंदी

छावणीची हद्द केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेने ठरवते. ही तरतूद १९२४ च्या छावणी कायद्यात होती व २००६ च्या कायद्यातही आहे. छावणीतील जमिनींची नोंद ‘जनरल लँड रजिस्टर’मध्ये, तर छावणीबाहेरील लष्करी जमिनींची ‘मिलिटरी लँड रजिस्टर’मध्ये होते. पडावाच्या जुन्या जागा दुसऱ्या प्रकारात मोडतात. शेजारच्या खातेदाराकडे सातबारा असतो. दोन्ही दप्तरे जुळली नाहीत की जमिनीवरचा दगड शोधावा लागतो. सरकारी अधिकाराने रोवलेली सीमाखूण नष्ट करणे किंवा हलवणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४३४ नुसार एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा होता. प्रत्यक्षात मात्र असे दगड पायरीला, बांधाला वा धुण्यासाठी सर्रास नेले जातात.

सद्यस्थिती

संरक्षण मंत्रालयाच्या नोंदींनुसार देशात सुमारे १७.९९ लाख एकर संरक्षण-जमीन असून त्यापैकी सुमारे १.६१ लाख एकर अधिसूचित ६२ छावण्यांमध्ये होती. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहू रोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी अशा सात छावण्या आहेत. या जमिनींची स्वातंत्र्योत्तर काळातील पहिली सर्वंकष मोजणी २०२२ च्या सुरुवातीस पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. तीत इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती व ड्रोन यांचा वापर झाला. २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल छावणीची अधिसूचना रद्द करण्यात आली.