हसऱ्या चित्रांमागचे हात

जुन्या व्यंगचित्रपटांचे शौकीन आज जगभर आहेत. १९३०-४० च्या सुमारास सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर रंगवलेले एखादे मूळ चित्र हाती यावे म्हणून ते लिलावात भरपूर पैसे मोजतात. ह्या हौसेला मी हसणार नाही. जुन्या कारागिरीवर जीव लावणे हा माणसाचा चांगला गुण आहे. मात्र ज्या तावावर हिमगौरी हसते तो रंगवला कोणी, हे विचारल्यावाचून ही हौस पुरी होत नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम श्रमाचा हिशेब पाहू. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी सात मिनिटांच्या छोट्या पटाला पाच हजार चित्रे लागतात. चित्रकार ती पेन्सिलीने कागदावर काढी. मग दुसरे हात शाईने त्या रेषा तावावर उतरवीत आणि मागील बाजूने रंग भरीत. डिस्ने कंपनीत हे शेवटचे काम बहुतांशी तरुण स्त्रिया करीत. डिसेंबर १९३७ मध्ये 'हिमगौरी आणि सात बुटके' पडद्यावर आला. त्याच्या नामावलीत ह्या स्त्रियांना जागा नव्हती. १९३८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हाझिए कलादालनाने त्यांनी रंगवलेले ताव विकावयास काढले. माल विकला गेला, नाव मात्र मालकाचेच राहिले.

संघटनेचा हक्क अमेरिकन कामगाराला १९३५ च्या वॅग्नर कायद्याने मिळाला होता. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये 'पॉपाय' काढणाऱ्या फ्लायशर कंपनीत कित्येक महिने संप चालला. पुढच्याच वर्षी कंपनी आपला संसार फ्लॉरिडात घेऊन गेली. डिस्नेकडे 'हिमगौरी'च्या नफ्यातून बरबँक येथे नवी वास्तू उभी राहिली. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली आणि १९४० चे 'पिनोकिओ' व 'फँटॅशिया' तोट्यात गेले. पगारातील तफावत आधीच सलत होती. त्यात संघटनेत पुढाकार घेणारा नामांकित चित्रकार आर्ट बॅबिट ह्याला कामावरून काढण्यात आले. २९ मे १९४१ रोजी शेकडो कामगार फाटकाबाहेर उभे राहिले.

अखेर सरकारी मध्यस्थीने तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, वेतन वाढले. पण जुना घरोबा गेला तो गेलाच. १९४७ मध्ये वॉल्ट डिस्ने ह्यांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना संपातील डेव्हिड हिल्बरमन ह्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप केला. संप जिंकूनही माणसे दुरावतात, हे आम्हा चळवळीतल्यांना नवे नाही. तरीही दुरावलेल्यांनी कला सोडली नाही. हिल्बरमन, जॉन हबली आदी मंडळींनी घडवलेल्या यूपीए संस्थेने कमी रेषांची नवी शैली आणली. १९५० च्या त्यांच्या 'जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग'ला ऑस्कर मिळाले.

ह्या विद्येचा एक धागा आपल्यापर्यंतही आला आहे. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवावयास आले. राम मोहन तेथेच घडले. तेव्हा शौकिनांना माझी एकच विनंती आहे. संग्रहातील चित्राखाली साल लिहिता, तसे ते काढणाऱ्याचे व रंगवणारीचे नाव शोधून लिहा. सापडले नाही, तर ती जागा कोरी ठेवा. तेथे मालकाचे नाव घालू नका.