बहात्तर गावांची सनद

ऑगस्ट महिना आमच्या सिल्वासा भागात तीन राष्ट्रीय दिवस घेऊन येतो. २ ऑगस्ट हा मुक्तिदिन, ११ ऑगस्ट हा भारतीय संघराज्यात विलीन झाल्याचा दिवस आणि १५ ऑगस्ट हा साऱ्या देशाचा स्वातंत्र्यदिन. दिनदर्शिकेत ते याच क्रमाने येतात; इतिहासात मात्र त्यांचा क्रम निराळा आहे. देशाचा दिवस १९४७ सालचा, आमचा १९५४ सालचा, आणि दोहोंची गाठ पडली ती १९६१ साली. दादरा आणि नगर हवेली या चिमुकल्या मुलुखाचे सारे वैशिष्ट्य या तीन सालांमधल्या अंतरात साठविलेले आहे, असे आम्हांस वाटते.

शाळांतून या दिवसांची कथा सांगितली जाते ती बहुधा एका रात्रीच्या साहसाची. पावसाळी काळोख, मूठभर तरुण, पोलिसांची चौकी आणि पहाटे फडकलेला तिरंगा. ही कथा खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु तिच्या आधी पावणेदोनशे वर्षांचा आणि नंतर सात वर्षांचा इतिहास आहे. त्या सगळ्यांतून एकच प्रश्न वाहत आलेला दिसतो : ही गावे कोणाची, आणि ते ठरवावयाचे कोणी? या प्रश्नाचा मागोवा घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचा आरंभ पुण्यात झाला. १७७९ साली मराठे इंग्रजांशी युद्धात गुंतले होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत वडगाव येथे इंग्रजांस नमते घ्यावे लागले होते, पण युद्ध सरले नव्हते. गादीवर सवाई माधवराव हे पाच वर्षांचे बालक होते आणि कारभार नाना फडणिसांच्या हाती होता. अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीजांनी इंग्रजांच्या पक्षास मिळू नये, ही मराठी मुत्सद्द्यांची निकड होती. मराठी आरमाराने पूर्वी पोर्तुगीजांच्या एका जहाजाचे केलेले नुकसानही भरून द्यावयाचे होते. म्हणून त्या सालच्या तहान्वये दमणच्या बाजूच्या गावांतून वर्षास बारा हजार रुपयांचा महसूल पोर्तुगीजांस लावून देण्याचे ठरले. पुढे १७८३ व १७८५ या सालांच्या सनदांनी त्यासाठी गावे नेमून दिली. बहात्तर गावांची ही सनद.

या व्यवहाराचे मर्म ‘सरंजाम’ या एका शब्दात आहे. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांस त्याचा अर्थ फोडून सांगण्याचे कारण नाही. सरंजामदारास गावाचे उत्पन्न मिळे. गावावरील स्वामित्व देणाऱ्याकडेच राही. ज्या वाड्या-पाड्यांचा वसूल असा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तेथील वारली, कोकणा, धोडिया यांस कोणी काही विचारले नाही, हे सांगावयास नकोच. त्या काळी कोणत्याच दरबारात तशी चाल नव्हती. पेशव्यांनी विचारले नाही, पोर्तुगीजांनी विचारले नाही, आणि १८१८ नंतर पेशवाईचा वारसा घेणाऱ्या इंग्रजांनीही विचारले नाही. इंग्रजांस पोर्तुगीज तेथे कारभार करताना आढळले. त्यांनी तो तसाच चालू दिला. अशा रीतीने महसुलाची नेमणूक हळूहळू राज्य होऊन बसली. सनदेतला शब्द मराठी होता. त्याचा अर्थ राखणारी सत्ता मात्र उरली नव्हती.

सत्ता बदलली तरी सनदांनी जमीन वाटण्याची रीत बदलली नाही. पोर्तुगीज अमलात ‘अलवारा’ नावाच्या दानपत्राने येथील विस्तीर्ण जमिनी काही थोड्या लोकांस देण्यात आल्या, आणि जो जंगल तोडून नाचणी-भात पिकवी, तो पुष्कळदा परक्याच्या जमिनीवरचा मजूर ठरला. ही स्थिती एकट्या पोर्तुगीज हद्दीतच होती असेही नव्हे. शेजारच्या तलासरी, डहाणू, उंबरगाव भागांत, म्हणजे इंग्रजी अमलाखाली, जमीनदारांची वेठबिगार चालूच होती. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी तिच्याविरुद्ध उठाव केला, तो महाराष्ट्रास विदित आहेच. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ती हकीकत नोंदविली आहे. आम्ही हा ग्रंथ मुक्तिलढ्याच्या पुस्तकांशेजारी ठेवू इच्छितो, कारण परक्या राज्यापासूनची मुक्ती आणि सावकाराच्या दारातील बेगारीपासूनची मुक्ती या दोन मुक्ती येथील माणसाच्या लेखी निराळ्या नव्हत्या.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी वापीस तिरंगा चढला. तेथून पंधरा-सतरा किलोमीटरांवरील सिल्वासात पोर्तुगालचे निशाण तसेच राहिले. चहूकडून मुंबई राज्याने वेढलेला हा मुलुख समुद्रास कोठेही भिडत नव्हता. दमणहून येथे यावयाचे तर स्वतंत्र भारताची भूमी ओलांडावी लागे. पुढील सारा कायदेशीर वाद या भौगोलिक वस्तुस्थितीतून उपजला.

१९५४ च्या जुलैमध्ये घटना वेगाने घडल्या. २१ जुलैच्या रात्री ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स’ या संघटनेचे कार्यकर्ते फ्रान्सिस मस्कारेन्हस व वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली दादरा येथे शिरले आणि २२ तारखेस दादरा मुक्त झाले. २८ जुलैस आझाद गोमंतक दल व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक यांनी नरोलीची चौकी घेतली. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलच्या बाजूस हटला आणि ११ ऑगस्ट रोजी उधवा येथे भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला.

या लढ्यात कोण कोण होते, याकडे लक्ष दिले म्हणजे मन थक्क होते. गोमंतकीय ख्रिस्ती होते, हिंदू होते. पुण्या-मुंबईकडचे स्वयंसेवक होते. त्यांत राजा वाकणकर, नाना काजरेकर, विनायकराव आपटे हे पुढारी होते. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे होते. संगीतकार सुधीर फडके होते. ज्यांच्या सुरांनी पुढच्याच वर्षी ‘गीतरामायण’ घरोघर पोचविले, ते याच लढ्यातून परतलेले होते. बाबासाहेब पुरंदरे होते. लढ्यासाठी निधी जमावा म्हणून लता मंगेशकरांनी पुण्यास गायनाचा कार्यक्रम केला होता. तलासरीच्या बाजूने कम्युनिस्ट कार्यकर्तेही या लढ्यात उतरले होते. यांपैकी कित्येकांचे आपसांत अत्यंत तीव्र मतभेद होते, आणि श्रेय कोणाचे याविषयी पुढे वादही झाले. असे असूनही एका गोष्टीवर त्या सर्वांचे एकमत होते : माणसावर त्याच्या संमतीवाचून राज्य करण्याचा अधिकार कोणास नाही. ज्यांस आपण स्वातंत्र्याची समाईक मूल्ये म्हणतो, ती अशीच समाईक असतात. मतभेद मिटल्यावर ती जन्मास येतात असे नाही. मतभेद उभे असतानाच ती सर्वांच्या पायांखालची जमीन बनतात.

त्याबरोबर आणखी एक नाव घेणे आम्ही कर्तव्य समजतो. दादऱ्याच्या चौकीवर पोर्तुगीज पोलीस अधिकारी अनिसेतो दो रोझारिओ हा लढताना मारला गेला. तो आपल्या नेमणुकीच्या जागी उभा होता. मुक्तीची कथा मुलांस सांगताना या मृत्यूचा उल्लेख गाळू नये. विजयाच्या हकीकतीत समोरच्या बाजूच्या मृतास जागा देता येणे, हेही आपल्या स्वातंत्र्याच्या शिकवणीतच बसते.

मुक्तीनंतर जे घडले, त्यास भारताच्या इतिहासात जोड सापडणे कठीण. भारत सरकारने हा प्रदेश लगेच आपल्यात सामील करून घेतला नाही. परिणामी १९५४ ते १९६१ अशी सात वर्षे तो ना पोर्तुगालचा होता, ना भारतीय संघराज्याचा घटक होता. आप्पासाहेब करमळकर हे मुक्त प्रदेशाचे प्रशासक झाले. वरिष्ठ पंचायत स्थापन झाली आणि तिच्या सल्ल्याने कारभार चालू लागला. चौकी जिंकावयास एक रात्र पुरली. पण राज्य नसताना सात वर्षे नियमाने राहणे हे अधिक अवघड काम होते. आमच्या मते स्वातंत्र्याची खरी पारख या सात वर्षांत झाली. समारंभांत मात्र त्यांचा उल्लेख सर्वांत थोडा असतो.

इकडे पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. १४ डिसेंबर १९५५ रोजी त्या देशास संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळाले आणि आठच दिवसांनी, २२ डिसेंबरला, त्याने भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून नगर हवेलीस जाण्याचा मार्ग आम्हांस हक्काने मिळावा, आमची सत्ता तेथे पुन्हा प्रस्थापित करू द्यावी, असा त्याचा आशय होता. भारताच्या वतीने महाधिवक्ता मोतीलाल सेटलवाड उभे राहिले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महमद करीम छागला हे या खटल्यापुरते नेमलेले न्यायाधीश म्हणून बसले.

अशा रीतीने पुण्याचा तह आणि पेशव्यांच्या सनदा युरोपातील एका नगरात, जगभरच्या न्यायाधीशांपुढे उलगडल्या गेल्या. पोर्तुगालचे म्हणणे असे की तहाने आम्हांस सार्वभौम सत्ता मिळाली. न्यायालयाने मराठी मजकुराचा विचार केला आणि निर्णय दिला की मराठ्यांनी दिला तो सरंजाम होता; त्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते. मराठी भाषेच्या अभ्यासकास याहून समाधानाची गोष्ट ती कोणती? शब्दांचे नेमके अर्थ जपण्याचे आपले काम निरुपयोगी आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी हा निकाल अवश्य पाहावा.

तथापि सत्य पुरते सांगितले पाहिजे. त्याच न्यायालयाने असेही म्हटले की इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता प्रत्यक्षात मान्य केली आणि पुढे भारतानेही ती मूकपणे मानली. म्हणून १९५४ पूर्वी पोर्तुगालचे सार्वभौमत्व तेथे होते. १२ एप्रिल १९६० रोजी जो अंतिम निर्णय झाला तो असा : खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांपुरता मार्गाचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे व दारूगोळा यांसाठी नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही. यांतील सशस्त्र दळांविषयीचा निर्णय आठ विरुद्ध सात अशा एका मताच्या आधिक्याने झाला. ते एक मत दुसऱ्या बाजूस पडते तर या मुलुखाच्या भवितव्यापुढे केवढा पेच उभा राहिला असता, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या थोर न्यायसभेतही एका पक्षाचे म्हणणे मांडले गेले नव्हते. पोर्तुगाल बोलला, भारत बोलला, अठराव्या शतकातील सनदाही बोलल्या. ज्यांच्याविषयी सारे चालले होते ती बहात्तर गावे या दाव्यात पक्षकार नव्हती. हे उणे १२ जून १९६१ रोजी भरून निघाले. त्या दिवशी वरिष्ठ पंचायतीने भारतीय संघराज्यात सामील होण्याचा ठराव एकमताने संमत केला. विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यासाठी सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांस एका दिवसापुरते येथील पंतप्रधान नेमण्यात आले आणि त्यांनी पंडित नेहरूंसह करारावर सह्या केल्या. घटनेची दहावी दुरुस्ती झाली आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश भारताचा घटक झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा, दमण व दीव मुक्त झाले. २६ जानेवारी २०२० पासून दमण, दीव आणि आमचा मुलुख मिळून एकच केंद्रशासित प्रदेश बनला आहे.

एकदिवसीय पंतप्रधानाची गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते. आम्हांस तीत गंभीर अर्थ दिसतो. १७७९ साली ही गावे एका कागदाने दिली गेली, तेव्हा त्यांच्या नावाने सही करणारा कोणी नव्हता. १९६१ च्या कागदावर त्यांच्या नावाने एक सही झाली. ती करणारा एक दिवसापुरता का होईना, त्या गावांच्या ठरावाने बांधलेला होता. सनद आणि ठराव यांत हाच भेद आहे. सनद वरून खाली येते. ठराव खालून वर जातो. आपण ज्यास स्वराज्य म्हणतो, ते या दुसऱ्या दिशेचे नाव आहे.

अर्थात ठरावाने सर्व काही साधले असे मानून चालणार नाही. अलवाराच्या जमिनींचा प्रश्न विलीनीकरणाने सुटला नाही. येथील जमीनसुधारणेचा कायदा व्हावयास १९७१ साल उजाडले आणि अलवाराविषयीचे खटले त्यानंतरही कित्येक दशके न्यायालयांत चालत राहिले. राजकीय सनद रद्द झाली तरी जमिनीची सनद जिवट असते. समता हे मूल्य स्वातंत्र्याच्या पाठोपाठ आपोआप येत नाही. त्यासाठी दुसरा लढा द्यावा लागतो, आणि त्यात चौकी जिंकण्याची रात्र नसते.

शिक्षकांपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. ऑगस्टमधील समारंभांच्या आधी वरच्या वर्गांतील मुलांपुढे तीन कागदांची हकीकत ठेवावी : १७७९ चा तह, १९६० चा निकाल आणि १९६१ चा ठराव. प्रत्येकाविषयी एकच प्रश्न विचारावा, की यात गावाला कोणी विचारले? सिल्वासातील वर्गात वारली, कोकणा, धोडिया मुले बसतात. मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी मुले एकमेकांशेजारी बसतात. साहसाच्या कथेत त्यांतील पुष्कळांस आपले पूर्वज सहजी सापडत नाहीत. या प्रश्नात मात्र प्रत्येकाचा पाडा आहे आणि प्रत्येकाचा आजा आहे. झेंड्यास वंदन करणाऱ्या मुलास, हा झेंडा आपल्यास विचारून येथे चढला आहे, एवढे कळले तरी इतिहासाच्या शिक्षकाचे काम पुष्कळ अंशी झाले, असे आम्ही समजतो.