राखाडी छटांत हरवलेला पक्षाघात

१ ऑक्टोबर १९७१. लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका महिलेचे जगातील पहिले सीटी स्कॅन झाले. यंत्राचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हे ईएमआय कंपनीतील अभियंते; सोबतीला क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स ॲम्ब्रोज. (बीटल्सच्या तबकड्यांच्या पैशांवर सीटी जन्माला आले, ही कथा लोकप्रिय आहे, प्रत्यक्षात ब्रिटिश आरोग्य खात्याचा वाटा अधिक मोठा होता.)

ते चित्र अवघ्या ८० बाय ८० चौकटींचे होते. परंतु प्रत्येक चौकटीमागे एक आकडा होता, आणि खरी क्रांती त्या आकड्यात होती. पुढे हाउन्सफिल्ड यांच्याच नावाने रूढ झालेल्या श्रेणीत पाणी शून्य, हवा उणे १०००, तर दाट हाड १०००च्या आसपास किंवा त्याहून वर. मेंदूचे करडे द्रव्य साधारण ३५ ते ४०, श्वेत द्रव्य २५ ते ३०.

हा सारा पट्टा एकाच चित्रात मावायचा, तर मेंदू एकरंगी दिसणार. मानवी डोळ्याला राखाडीच्या मोजक्याच छटा वेगळ्या कळतात. म्हणून ‘विंडो’ आली: निवडलेल्या टप्प्यालाच सगळ्या छटा द्यायच्या. मध्य ४० आणि रुंदी ८० ठेवली, की शून्याखालचे सारे काळे, ८०च्या वरचे सारे पांढरे.

ताजा रक्तस्राव अशा चित्रात उठून दिसतो. रक्तवाहिनी तुंबून झालेला पक्षाघात मात्र दडून राहतो. मेंदूच्या पेशीजालात पाणी एक टक्क्याने वाढले, तर आकडा जेमतेम दोन-अडीचने उतरतो.

उपचारच नव्हता तोवर हे फारसे बोचले नाही. १९९५ साली चित्र पालटले. गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास लाभ होतो, हे अमेरिकेतील चाचणीने दाखवले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीने दुसरी बाजू उघड केली. मेंदूचा मोठा भाग आधीच बाधित झालेल्यांना वगळायचे ठरले होते. तरीही स्कॅनवरील आरंभीच्या खुणा न ओळखल्याने असे काही रुग्ण चाचणीत आले. अशा रुग्णांत या औषधाने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दोष केवळ नजरेचा नव्हता. स्कॅन फिल्मवर छापले जाई. छपाईच्या वेळी ठरलेली विंडो कायमची. प्रकाशपेटीसमोर उभ्या डॉक्टरला ती बदलता येत नसे.

संगणकाच्या पडद्याने ही बेडी तोडली. १९९९ साली मायकेल लेव्ह आणि सहकाऱ्यांनी तीच स्कॅन दोन प्रकारे तपासून घेतली. ठरावीक विंडोत (मध्य २०, रुंदी ८०) ५७ टक्के पक्षाघात ओळखले गेले. विंडो हवी तशी बदलू दिल्यावर ७१ टक्के, आणि निरोगी मेंदूला आजारी ठरवण्याची चूक एकदाही न होता.

अरुंद विंडोची किंमतही असते. चित्र दाणेदार होते. आणि कवटीलगतचा रक्तस्राव हाडाइतकाच पांढरा दिसून त्यात मिसळून जातो. म्हणून तेच स्कॅन रुंद विंडोतही पाहावे लागते.